रुंद भिंग आणि पाहणाऱ्याची जागा

३५ मिमी फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते आणि तिचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर भरतो. ज्या भिंगाचे नाभीय अंतर या कर्णापेक्षा बरेच कमी, ते वाइड अँगल, म्हणजे रुंद कोनाचे भिंग. नेहमीचे ५० मिमीचे भिंग कर्णावर ४७ अंशांचा पसारा पाहते, ३५ मिमीचे ६३, २८ मिमीचे ७५, २४ मिमीचे ८४ आणि २० मिमीचे ९४ अंशांचा. आकडे असे चढत गेले की वाटते, भिंग जितके रुंद तितके सत्य जास्त पदरात पडणार. अधिक दिसले म्हणजे अधिक खरे दिसले का, हा प्रश्न फोटोग्राफीहून फार जुना आहे. मराठीत देवाचेही दर्शन घेतात आणि सांख्य, न्याय, वेदान्त यांनाही दर्शनेच म्हणतात. पाहणे आणि जाणणे यांची इतकी घट्ट गाठ असलेल्या भाषेत हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही. जुन्या, हाताने फोकस करायच्या रुंद भिंगाने तो प्रत्यक्ष तपासून पाहता येतो.

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातले गाव. मुलूख कपाशीचा, तुरीचा, सोयाबीनचा. पैनगंगेच्या पलीकडे माहूर. अशा शिवारात बांधावर कोणी २४ मिमीचे भिंग लावून उभा आहे असे समजू. त्याच्यापासून अर्ध्या मीटरवर कपाशीचे पाच सेंटिमीटरचे बोंड आहे आणि दहा किलोमीटरवर दोनशे मीटर उंचीचा डोंगर. निगेटिव्हवर डोंगराची उंची अर्धा मिलिमीटरही भरणार नाही. आठ बाय बारा इंचांच्या प्रिंटवर ती चार मिलिमीटर होईल. त्याच प्रिंटवर बोंड दोन सेंटिमीटरचे, म्हणजे डोंगराच्या पाचपट. पाहणारा म्हणेल की वाइडने डोंगर खाल्ला. आता त्याच जागी, त्याच अंतरावर ५० मिमीचे भिंग लावले तर बोंडही मोठे होईल आणि डोंगरही. त्यांचे प्रमाण मात्र पाचास एकच राहील. ते भिंगाने ठरवलेले नव्हतेच. माणूस बोंडापासून अर्ध्या मीटरवर उभा राहिला, तेव्हाच ते ठरले.

रुंद भिंगाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. यथादर्शन, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दिसण्याचे प्रमाण, केवळ उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून असते. भिंग त्या दृश्याचा किती तुकडा कापायचा एवढेच सांगते. वाइड लावल्यावर माणूस नकळत पुढे सरकतो, कारण चौकट रिकामी वाटू लागते. पुढे सरकणे हे पावलांचे काम, आणि त्याचा दोष भिंगावर जातो.

कडेला होणारी ओढाताण मात्र खरी असते. सरळ रेषा सरळ ठेवायची तर सपाट फिल्मवर कडेची गोल वस्तू लांबट होणे अटळ आहे. २४ मिमीच्या आडव्या चौकटीत अगदी कडेला असलेला चेंडू सव्वापट लांब उमटतो, २८ मिमीच्या चौकटीत सुमारे एकपूर्णांक दोन दशांश पट. लग्नाच्या ग्रुप फोटोत टोकाला उभ्या असलेल्यांचे चेहरे रुंद होतात ते यामुळे. जागा कमी म्हणून वाइड लावावा लागला, तर टोकाला माणसे ठेवू नयेत. खांब, दार, झाड ठेवावे. यात केवळ तंत्र नाही. ज्याचा चेहरा ताणला जाणार आहे त्याला ते ठाऊक नसते, फोटो काढणाऱ्याला ठाऊक असते, आणि म्हणून ती जबाबदारी त्याच्याकडेच येते.

तरीही या ओढाताणीला खोटे म्हणता येत नाही. निगेटिव्ह जितक्या पटीने मोठी केली, तितक्या पटीने भिंगाच्या नाभीय अंतराला गुणले की प्रिंट पाहण्याचे योग्य अंतर मिळते. २४ मिमीची निगेटिव्ह आठ बाय बारा इंचांवर आणताना साधारण साडेआठपट वाढते, म्हणजे अंतर आले वीस सेंटिमीटर. प्रिंटच्या मध्यासमोर, वीस सेंटिमीटरवर, एक डोळा मिटून पाहिले तर कडेचा लांबट चेंडू पुन्हा गोल होतो, कारण डोळा तिरका पाहताना त्याला तितकाच आखूड करून घेतो. हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला तो वाकडाच दिसणार. ज्या जागेवरून चित्र घेतले ती जागा पाहणाऱ्याने सोडली, म्हणून ते वाकडे झाले.

आता डोळ्याचे. दोन्ही डोळ्यांचा मिळून आडवा पसारा १८० अंशांच्या वर जातो. म्हणजे डोळा कुठल्याही जुन्या वाइडपेक्षा रुंद. पण त्यातला लख्ख दिसणारा भाग जेमतेम दोन अंशांचा, लांब केलेल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढा. बाकी सगळे धूसर असते आणि नजर सतत फिरून ते भरून काढते. उलट एफ ११ वर ठेवलेले २४ मिमीचे भिंग मीटरभर अंतरावरच्या पानापासून क्षितिजापर्यंत सगळे एकाच क्षणी सारखेच स्पष्ट करते. असे दृश्य कोणत्याही डोळ्याने कधीच पाहिलेले नसते. तेव्हा वाइडचे चित्र डोळ्याच्या अनुभवाशी जुळते म्हणून खरे, असे म्हणायची सोय नाही. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बरोबर आहे, एवढेच त्याचे खरेपण. तो संपूर्ण अनुभव मात्र कोणाचाच नाही.

तुकडा आणि संपूर्ण यांचा हा पेच विदर्भाच्या मातीत फार पूर्वी मांडला गेला आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक, तेराव्या शतकातील चक्रधर स्वामी यांचे दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले, त्यांची संख्या ११४ आहे. त्यांतला जात्यंधांचा आणि हत्तीचा दृष्टांत सगळ्यांत प्रसिद्ध. जन्मांध माणसे हत्तीला चाचपतात, ज्याच्या हाती जो अवयव लागला तोच हत्ती समजतात. पैनगंगेपलीकडचे माहूर हे महानुभावांचेही तीर्थ. तिथले देवदेवेश्वर मंदिर त्यांच्या श्रद्धेचे स्थान आहे. म्हणजे फुलसावंगीच्या परिसरात ही गोष्ट परकी नाही. हाच हत्ती बौद्धांच्या ‘उदान’ ग्रंथातही येतो, आणि जैनांनी तर त्याला आपल्या अनेकांतवादाचे उदाहरणच केले. जैन तर्कात ‘नय’ म्हणजे वस्तूच्या एका अंगाने केलेले कथन. नय खोटा नसतो. तो स्वतःला एकमेव मानू लागला की दुर्नय होतो.

रुंद भिंगाच्या बाबतीत या दृष्टांताचा सोपा अर्थ फसवा ठरतो. अरुंद भिंग म्हणजे आंधळा, रुंद भिंग म्हणजे डोळस, असे वाटते खरे. पण ९४ अंशांचे भिंगसुद्धा हत्तीला एकाच बाजूने पाहते; त्याची दुसरी बाजू त्याला दोन अंशांच्या भिंगाइतकीच अज्ञात. कोन वाढवल्याने नय प्रमाण, म्हणजे वस्तूचे संपूर्ण ज्ञान, होत नाही. तो नुसता रुंद नय होतो, आणि रुंद असल्यामुळेच आपण पूर्ण आहोत असा भ्रम त्याला लवकर जडतो. अरुंद चौकटीत कापलेले हात, अर्धे दार दिसत असते, त्यामुळे बाहेर काही उरले आहे हे पाहणारा विसरत नाही. वाइडमध्ये ती आठवण पुसट होते.

वेरूळचे कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचे लेणे, हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. डोंगर वरून खाली कोरत आणून सुमारे ३० मीटर उंचीचे मंदिर मोकळे केले आहे आणि भोवती अरुंद अंगण. त्या अंगणात वीस मीटर मागे सरकून २० मिमीचे भिंग उभ्या चौकटीत, कॅमेरा अगदी सपाट धरून लावले, तरी डोळ्याच्या पातळीच्या वर अठरा मीटरच मावतात. शिखर कापले जाते. कॅमेरा वर उचलावा तर भिंती आत झुकतात, मंदिर मागे कलल्यासारखे दिसते. भिंग बाजूला सरकवता येणारे निकॉनचे ३५ मिमीचे पीसी-निक्कोर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच अडचणीसाठी आले. डोंगराच्या कडेवर चढून खाली पाहिले तर साध्या ५० मिमीमध्येही शिखर, छतावरचे सिंह आणि अंगण नीट दिसते. पण मग पायथ्याचे हत्ती दडतात. खालचा फोटो भक्ताच्या जागेचा, वरचा ज्या बाजूने कारागिरांनी छिन्नी चालवली तिथला. दोन्ही खरे, आणि एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

याच वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांचे फोटो मेजर रॉबर्ट गिल यांनी घेतले आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह ते पुस्तकरूपाने आले. हे फोटो स्टिरिओ होते: शेजारी-शेजारी दोन भिंगे, दोन चित्रे, आणि स्टिरिओस्कोपमधून पाहिले की लेण्याला खोली येते. ही खोली दोन्ही चित्रांपैकी एकातही नसते. दोन जागांतल्या थोड्याशा फरकातून ती उपजते. अनेकांतवाद समजावून सांगायला याहून चांगले यंत्र सापडणे कठीण. तिथे कोन रुंद करावा लागला नाही, दुसरी जागा घ्यावी लागली.

भिंग निवडताना हे सगळे लक्षात ठेवले तर बाजारातली गडबड बरीच कमी होते. आधी रचना समजून घ्यावी. एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलतो, म्हणून भिंगाची बैठक दूर असते: आट्यांच्या एम ४२ माउंटला ४५.४६ मिमी, निकॉन एफला ४६.५ मिमी. २८ मिमीचे साध्या रचनेचे भिंग फिल्मपासून साधारण २८ मिमीवरच बसवावे लागले असते आणि आरसा त्याच्यावर आदळला असता. फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये ३५ मिमीच्या ‘रेट्रोफोकस’ भिंगाने यावर तोड काढली. पुढे प्रकाश फाकवणारी अंतर्गोल काच आणि मागे गोळा करणारा संच, जणू उलटी धरलेली दुर्बीण. येनाच्या कार्ल झाइसचे फ्लेक्टोगॉन त्याच काळातले. सोव्हिएत मिर-१ हे ३७ मिमी एफ २.८ चे भिंग त्याच घराण्यातले. १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातल्या ग्रां प्रीची नोंद त्याच्या कितीतरी प्रतींवर कोरलेली असते. रशियन भाषेत ‘मिर’ म्हणजे जग आणि शांतीही. एका रुंद भिंगाला याहून साजेसे नाव नाही.

आरसा नसलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत भिंग फिल्मच्या अगदी लगत बसू शकते. लुडविग बर्टेले यांचे १९५४ चे २१ मिमी बायोगॉन याच वाटेने आले आणि रेषा सरळ ठेवण्यात ते आजही फार वरचे आहे. रेट्रोफोकस भिंगे कडेच्या रेषा थोड्या फुगवतात, ते लेण्यांच्या खांबांवर कळून येते. उलट, तितक्या रुंद कोनावर साध्या रचनेत कोपऱ्यांपर्यंत मधल्याच्या साधारण चौथा हिस्सा प्रकाश पोहोचतो. रेट्रोफोकसमध्ये हा अंधार कमी असतो. जवळचे पाहताना कोपरे मऊ पडण्याचा दोष निकॉनच्या १९६७ च्या २४ मिमी एफ २.८ ने आतल्या काचा फोकसबरोबर वेगळ्या सरकवून कमी केला. पहिलेच रुंद भिंग घेणाऱ्याने २८ मिमी घ्यावे. ते पुढे जायला लावते, पण पाहणाऱ्याला चौकटीत हरवून टाकत नाही. ऑलिंपस झुइको किंवा पेंटॅक्स ताकुमारचे २८ मिमी एफ ३.५ लहान, हलके आणि चोख आहे. एफ २ च्या मागे धावण्याचे कारण रुंद भिंगाला क्वचितच असते. २० मिमीकडे घाईने जाऊ नये.

जुने भिंग म्हणजे सदोष असू शकणारे साधन, आणि साधनाच्या दोषाचा विचार भारतीय प्रमाणशास्त्राने बारकाईने केला आहे. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, हे त्यातले ठरलेले उदाहरण. पिवळेपण शंखाचे नसते, डोळ्याचे असते. जुन्या भिंगांत हे अक्षरशः घडते. पेंटॅक्सच्या काही ताकुमारांत आणि कॅननच्या सुरुवातीच्या एफडी ३५ मिमी एफ २ मध्ये थोरियम मिसळलेली काच वापरली होती. वर्षानुवर्षांच्या किरणोत्सर्गाने ती पिवळी-तपकिरी होते. कृष्णधवल फिल्मवर हा हलका पिवळा फिल्टर चालून जातो, रंगीत स्लाइडवर मात्र सगळा शंख पिवळा. भिंग काही दिवस उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवले की ही कावीळ बरीच उतरते.

मीमांसकांचे म्हणणे असे की ज्ञान मुळातच प्रमाण मानावे. साधनात दोष सापडला किंवा पुढच्या ज्ञानाने ते खोडले, तरच अप्रमाण. नैयायिक म्हणतात, त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला आली तरच ते प्रमाण. जुने भिंग घेताना न्यायाची बाजू धरणे शहाणपणाचे. भिंग उजेडाकडे धरून मागून टॉर्च टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखी तंतुमय नक्षी दिसली तर ती बुरशी. पसरट धुके दिसले तर ते आतल्या ग्रीसची वाफ. कडेला इंद्रधनुषी डाग दिसला तर चिकटवलेल्या काचा सुटू लागल्या आहेत. अपर्चरची पाती तेलकट असतील तर शटर दाबताना ती आळसावतात. काचेवरचा एखादा बारीक ओरखडा चित्रात सहसा उतरत नाही. बुरशी मात्र काचेचा थर खाते आणि शेवटी कॉन्ट्रास्ट मारते. पण हे सगळे होऊनही शेवटचा निवाडा एका रोलचा. विटांची भिंत सपाट समोरून, एफ ४, ८ आणि ११ वर काढावी आणि धुतलेल्या निगेटिव्हचे चारही कोपरे लुपखाली पाहावेत. एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच तिरकी बसली आहे. विदर्भाच्या पावसाळ्यात भिंग चामड्याच्या डब्यात बंद करून ठेवू नये. चामडे ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि तापवून कोरडी केलेली सिलिका जेल पुरेशी आहे.

वापरताना रुंद भिंगाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे त्याच्या नळीवर कोरलेली अंतराची आणि स्पष्टतेची पट्टी. २४ मिमीवर एफ ८ ठेवून फोकस २.४ मीटरवर आणला की १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. २८ मिमीला तेच करायला ३.३ मीटर लागतात आणि सुरुवात १.६ मीटरच्या पुढे होते. म्हणजे डोळा कॅमेऱ्याला लावण्याआधीच किती जवळचे आणि किती दूरचे आपल्याला हवे, हे ठरवावे लागते. स्वयंचलित कॅमेऱ्यात ही निवड होते, पण ती कोणी केली हे कळत नाही. इथे बोट कड्यावर असते आणि निवड बोटाला जाणवते. उघड्या माळावर आणखी एक सावधगिरी हवी. वाइडच्या चौकटीत आकाश फार येते, मीटर त्या उजेडाची सरासरी काढतो आणि काळी जमीन अधिकच काळी करतो. म्हणून कॅमेरा खाली वळवून जमिनीचे माप घ्यावे, मग चौकट लावावी. क्षितिज मध्ये ठेवले तर आकाश आणि जमीन दोन्ही रिकामी वाटतात. पायाजवळचे काही, चिखलातला माग, सरीची रेघ, हाताशी आलेले बोंड, चौकटीत घेतले की दूरच्या डोंगराला अंतर मिळते.

सगळेच एकदम पाहण्याच्या इच्छेला गीतेच्या अकराव्या अध्यायाने सर्वांत गंभीर उत्तर दिले आहे. अर्जुनाला दिव्य दृष्टी मिळते, आदि-मध्य-अंत नसलेले रूप त्याच्यापुढे उलगडते, आणि त्याला दिशा कळेनाशा होतात. मग तो ओळखीचे सौम्य रूप परत मागतो. १२९० च्या ‘ज्ञानेश्वरी’त हा प्रसंग फार विस्ताराने येतो, आणि विश्वरूप नाकारल्याबद्दल श्रीकृष्ण अर्जुनाला बोल लावतात. दिशा सुटणे हे इथे महत्त्वाचे. दिशा असायला पाहणाऱ्याला जागा लागते. जे सगळीकडून दिसते त्याला समोर आणि मागे नसते. कॅमेऱ्याला हे रूप कधीच पेलणार नाही, कारण तो कुठेतरी ठेवावाच लागतो. पण म्हणून त्याचे काम कमी दर्जाचे ठरत नाही. ज्याला एका जागेवरूनच पाहता येते, त्याने ती जागा नीट निवडावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

वेदान्तातला दृक्-दृश्य विचार याच टोकाला पोहोचतो: रूप डोळ्याला दिसते, डोळा मनाला जाणवतो, मन साक्षीला, साक्षी स्वतः कोणाचे दृश्य होत नाही. फोटोतही काढणारा नसतो. पण रुंद भिंगात त्याची खूण मात्र राहते. सकाळी सूर्य पाठीशी, क्षितिजापासून पंधरा अंशांवर असताना १.७ मीटर उंचीच्या माणसाची सावली सहा मीटरांच्या थोडी पुढे जाते. डोळ्याच्या उंचीवर सपाट धरलेल्या ५० मिमीच्या आडव्या चौकटीत जमीन साडेसहा मीटरांच्या पुढून सुरू होते, त्यामुळे सावली जेमतेम बाहेर राहते. २४ मिमीच्या चौकटीत जमीन ३.२ मीटरपासूनच दिसते, आणि खांदे-डोके धरून सावली चित्रात येते. पुष्कळ जण एका बाजूला वळून ती टाळतात. काही जण ती राहू देतात. सूर्य तीस अंशांवर चढला की सावली तीन मीटरांच्या आत येते आणि चौकटीबाहेर जाते.